दोन करडी पाकिटं

म्हापशाच्या सरकारी इस्पितळात सिस्टरनं टेबलावरून दोन पाकिटं पुढं सरकवली तेव्हा गौरवीला वाटलं, बाईंची काहीतरी गफलत झाली. तिनं एक उचलून पर्समध्ये टाकलं आणि दुसरं बोटानं परत ढकललं. सिस्टरनं ते तितक्याच शांतपणे पुन्हा तिच्याकडे सरकवलं. छातीवरच्या पट्टीवर सुमंगला असं नाव होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि समोरच्याला कळेपर्यंत सांगायचंच असा शाळामास्तरणीचा बाणा होता. "एक तुमचें, एक घोवाचें," ती म्हणाली. मग दाराकडे बघून तिनं आवाज खाली आणला आणि डॉक्टरीणबाईंनी आत तपासताना सांगितलेलंच जरा घरगुती करून सांगितलं. हा जंतू नवरा-बायकोत अंथरुणातूनच जातो-येतो. जुनी माणसं परमा म्हणायची, त्यातलाच प्रकार. पुष्कळांना होतो आणि गोळ्यांनी जातो. मात्र गोळ्या दोघांनी एकाच दिवशी घ्यायच्या, नवऱ्याला त्रास असो वा नसो. एकट्या बायकोनं घेतल्या तर ती बरी होते आणि पुन्हा त्याच्याकडून तेच घेऊन येते. असं पुन्हा पुन्हा झालं की आतल्या नळ्या चिकटतात आणि मग मूल राहत नाही. "रक्ताचे रिपोर्ट बरे आसात. वेळार आयल्यात," सिस्टर म्हणाली, "पूण आतां चुकूं नाकात." शेवटी तिनं बजावलं की आठवडाभर एकमेकांच्या जवळ जायचं नाही आणि आठवड्यानं दोघांनी मिळून इथंच तपासायला यायचं. जवळ जायचं नाही हे ऐकून गौरवीला खुदकन हसू आलं. सिस्टरनं चष्म्यावरून पाहिलं. पण त्या हसण्याचं कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून तिनं दोन्ही पाकिटं उचलली आणि ती बस स्टँडकडे निघाली.

कारण असं की तिचा नवरा कालच धोंड होऊन बसला होता. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालायचं तर आधी काही दिवस घरदार सोडून सोवळ्यात राहावं लागतं. गावागावांतले धोंड झरीच्या नाहीतर तळीच्या काठी माडाच्या झावळ्यांची खोप घालतात, दिवसातून कैकदा आंघोळ करतात, आपलं आपण रांधून खातात, आणि ज्यानं व्रत घेतलेलं नाही त्याची सावलीसुद्धा अंगावर घेत नाहीत. बायकोनं शिवायचं नाही, तिच्या हातचं पाणीही चालत नाही. रुद्रेशनं हे व्रत यंदा पहिल्यांदाच घेतलं होतं आणि तेही कशासाठी, तर मूल व्हावं म्हणून. आख्ख्या सर्वण गावात ही गोष्ट पसरली होती. बसमध्ये खिडकीपाशी बसून गौरवीनं पर्स पोटाशी धरली. डिचोलीच्या वाटेवर उन्हात काजूच्या बागा सुकल्या होत्या, बोंडांचा आंबूस वास आत येत होता. शेजारची बाई आपल्या सुनेच्या बाळंतपणाचं काहीबाही सांगत होती आणि गौरवी मान हलवत होती. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्या माणसाला आपण बोटही लावू शकत नाही, ज्याच्या पोटात आपल्या घरचा कण जाऊ शकत नाही, त्याच्या पोटात ह्या गोळ्या कशा घालायच्या? आणि त्याही जत्रेआधी? नंतर का नाही, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर तिला ठाऊक होतं. सासूनं, देवकीबाईंनी, आधीच बेत करून ठेवला होता: जत्रा आटोपून रुद्रेश घरी आला की त्या दिवशी त्या पेडण्याला लेकीकडे राहायला जाणार. घर दोघांना मोकळं. व्रताचं फळ पदरात पाडून घ्यायचं तर उशीर कशाला, असं त्या शेजारच्या यशोदाकाकींना सांगत होत्या, आणि दोघीजणी हळद लागल्यासारख्या लाजत होत्या.

वीज खात्याच्या डिचोलीच्या कचेरीत गौरवी तक्रारींचे फोन घेई. वैशाखात वारा सुटला की झाडाची फांदी तारेवर पडते, अमक्या वाड्यावर दिवे जातात, आणि माणसं फोनवर असं बोलतात की जणू गौरवीनंच बटण बंद केलंय. ती शांतपणे सांगते, माणूस पाठवलाय, पोचतोच आहे. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की कधी कधी स्वयंपाकघरात भात उतू जाताना तेच ओठांवर येई. त्या दुपारी ती अर्ध्या दिवसाच्या रजेनंतर खुर्चीवर बसली, आणि हरवळ्याच्या कुणी म्हातारीनं विचारलं की बाये, काळोख कधी सरतलो, तर गौरवीला पुढचं सुचेना. मग तिनं नेहमीचं वाक्य म्हटलं आणि फोन ठेवला. पर्स टेबलाच्या खणात होती. खण उघडला की करड्या रंगाचा कोपरा दिसे, म्हणून तिनं खणाला किल्ली लावली. थोड्या वेळानं उघडून पाकिटं आहेत ना ते पाहिलं, आणि पुन्हा किल्ली लावली. स्वतःच्या गोळ्या तिनं घेतल्या नव्हत्या. एकाच दिवशी घ्यायच्या, असं सिस्टरनं सांगितलं होतं, आणि गौरवी सांगितलेलं ऐकणाऱ्यातली होती. लहानपणापासून हाच तिचा गुण मानला गेला होता, आणि आज पहिल्यांदा तिला त्या गुणाचा मनस्वी राग आला.

तसं हे दुखणं तिनं दिवाळीच्या आगेमागेपासून अंगावर काढलं होतं... नाही, दिवाळीला बरं होतं. संक्रांतीनंतर. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं, कपड्याला वास यायचा आणि ती परसदारी कुणी नसताना कपडे धुऊन घ्यायची. सासूला सांगितलं तेव्हा त्यांनी एका क्षणात निदान केलं. त्या घरात शरीराला एकच रोग होत असे, तो म्हणजे उष्णता. डोकं दुखलं तर उष्णता, तोंड आलं तर उष्णता, मूल होत नाही तीही उष्णता. मग धण्या-जिऱ्याचं पाणी, कोकमाचं सार, सब्जा, दुर्वांचा रस. देवकीबाई मायेनं करत, यात शंका नाही. पहाटे उठून दुर्वा खुडून आणत आणि गौरवीनं पेला रिकामा करेपर्यंत समोर उभ्या राहत. माहेरी दोडामार्गला आईकडे हेच होतं. तिकडेही शरीर तापायचं आणि थंड केलं जायचं. एवढी शिकलेली, सरकारी नोकरीतली बाई, पण डॉक्टरकडे जायचं तिच्या मनात आलं नाही, कारण आपल्याला काय झालंय ते आपल्याला ठाऊकच आहे असं तिला वाटत होतं. शेवटी परवा कचेरीत उभ्या उभ्या पोटात कळ आली आणि ती टेबलाचा कोपरा धरून खाली बसली. सोबतच्या क्लार्क बाईनं जबरदस्तीनं इस्पितळाची वाट दाखवली. डिचोलीत सगळे ओळखीचे, म्हणून ती म्हापशाला गेली. इतकं पाणी प्याली ती ह्या महिन्यांत, झरीचं निम्मं पाणी तिच्याच पोटातून गेलं असेल, आणि आत काय चाललं होतं? नळ्या चिकटत होत्या. की अजून नाहीत? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आत्ताच सांगता येत नाही, आधी औषध घ्या. सांगता येत नाही हे शब्द तिच्या अंगात शिरून बसले होते आणि कूस बदलली की टोचत होते.

आणि मग ते आठवलं. बसमध्येच आठवलं होतं, पण तिनं ते दाबून ठेवलं होतं, आता कचेरीतून घरी चालत येताना ते वर आलं. रुद्रेशला उन्हाळी लागली होती. जानेवारीच्या थंडीत. हरमलहून तो सोमवारी घरी आला आणि लघवीला जळजळतंय म्हणाला. तोंड उतरलं होतं. रुद्रेश आधी खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होता, लाल धूळ कानातून काढत घरी यायचा आणि आंघोळीच्या पाण्याला रंग चढायचा. खाणी बंद झाल्या, वजनकाटा ओस पडला, आणि मामेभावाच्या ओळखीनं तो हरमलला समुद्राकाठच्या खोल्या सांभाळायच्या कामावर लागला. पाहुण्यांचं स्वागत, चादरी, गरम पाणी, स्कूटर भाड्यानं देणं. गौरवी एकदा तिथं जाऊन आली होती. दोरीवर रंगीबेरंगी टॉवेल वाळत होते आणि एक परदेशी बाई त्याला लांबून हाक मारून हसली होती, तोही हसला होता. त्यात काय होतं? काहीच नव्हतं. हसणं त्याच्या कामाचाच भाग. त्या हसण्यात आज काहीतरी शोधावं म्हणून तिनं ते पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं आणलं, तर त्या बाईचा चेहराच आठवेना, फक्त टॉवेल आठवत राहिले. तर जानेवारीत उन्हाळी लागली तेव्हा काय केलं तिनं? शहाळी आणली. स्वतः, कचेरीतून येताना, दोन्ही हातांत दोन दोन शहाळी घेऊन चढ चढून आली. सब्जा भिजवून दिला. रात्री बेंबीत एरंडेल चोळलं, पोरासारखं त्याला मांडीवर घेऊन. पुढच्या सोमवारी तो आला तो बराच होऊन. शहाळ्यांनीच गुण आला, असं तिनं सासूला अभिमानानं सांगितलं होतं, आणि तो काही बोलला नव्हता. तो काही बोलला नव्हता, हे आज तिला स्पष्ट आठवलं. ताटावर मान खाली घालून भात कालवत राहिला होता.

घरी आली तर देवकीबाई व्हरांड्यात मोगऱ्याच्या कळ्या ओवत होत्या, देवीला मोगरा प्रिय म्हणून. यशोदाकाकी मदतीला होत्या. इस्पितळात काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं, आणि गौरवीनं उष्णता म्हणाले असं सांगून टाकलं. दोघींना बरं वाटलं. मग रुद्रेशचं कौतुक सुरू झालं. सकाळी झरीवर कसा तेजस्वी दिसत होता, ओलेत्या पंच्यात, हातात रंगीत लोकरीचे गोंडे लावलेली वेताची काठी. बायकोसाठी एवढं करणारा घोव आजकाल कुठे मिळतो, असं काकी म्हणाल्या. गौरवी चुलीपाशी जाऊन उभी राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडू येत नव्हतं. राग यावा तर तो कुणावर यावा हेही धड ठरत नव्हतं. एका बाजूला माडाच्या खोपीत पवित्र होऊन बसलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला तिच्या ओटीपोटातला हा जंतू, दोघांना जोडणारी दोरीच दिसत नव्हती. ह्या क्षणी देवकीबाईंना सगळं सांगावं का? त्या ऐकतील आणि शांतपणे विचारतील की त्याला तर काहीच झालेलं नाही, मग आधी कुणाला झालं. औषध कुणाच्या पर्समध्ये आहे? इस्पितळात कुणाला तपासलं? हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता. असं विचारलं तर काय उत्तर देणार? पुरावा म्हणून काय दाखवणार, शहाळ्यांची टरफलं? रात्री झोपेतून दोनदा उठून तिनं पर्स उशाखाली आहे ना ते पाहिलं. सकाळी उठली तेव्हा तिला एकच गोष्ट ठरलेली दिसली, कुणी ठरवली ते कळलं नाही. आज ती झरीवर जाणार होती.

सर्वणची झर कुळागराच्या, म्हणजे बागायतीच्या, खालच्या अंगाला आहे. पोफळींच्या सावलीतून पायऱ्या उतरतात आणि खाली दगडी कुंडीत पाणी पडत असतं. ती पोचली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. खोपीपुढं आंब्याच्या पानांची दोरी बांधली होती, तिच्यापलीकडे व्रत न घेतलेल्यानं जायचं नाही. आत धोंड आपापल्या कामात होते. कुणी नारळ खवत होता, कुणी लाकडं फोडत होता, आणि म्हातारे गोकुळदास, वाड्यावरचे सगळ्यात जुने धोंड, मोठ्या टोपाशी बसून भाताकडे बघत होते. बाप्ये असे घोळक्यानं रांधताना तिनं कधी पाहिले नव्हते. घरी पाण्याचा तांब्या न उचलणारे हात इथं तांदूळ धूत होते, आणि ते पाहून एरवी तिला गंमत वाटली असती. रुद्रेश कुंडीतून नुकताच वर आला होता. केसांतून पाणी निथळत होतं. तो दोरीजवळ आला आणि नेहमीच्या सवयीनं हसला, मग व्रत आठवून एक पाऊल मागं सरला. ते पाऊल तिला लागलं. त्यानं विचारलं की घरी सगळं ठीक ना, आईला बरं ना. ती हो म्हणाली. मग तिनं पर्समधून एक पाकीट काढलं आणि दोरीखालच्या सपाट दगडावर, दोघांच्या मधे ठेवलं.

त्याला कळलं. पाकिटाकडे पाहिल्याबरोबर कळलं, आणि त्याला कळलं हे तिला कळलं. कालपासून ती मनात धरून होती की कदाचित त्याला ठाऊक नसेल, पुरुषांना कधी कधी काहीच जाणवत नाही असं सिस्टरही म्हणाली होती. ही एक फट तिनं त्याच्यासाठी उघडी ठेवली होती आणि ती आता मिटली. तो खाली बघत हळू आवाजात बोलत राहिला. पेडण्यात एका डॉक्टरला दाखवलं होतं. त्यानं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, लगेच बरं वाटलं. बायकोला घेऊन ये, असंही डॉक्टरनं बजावलं होतं. एकदाच झालं होतं ते, तो म्हणाला, एकदाच, आणि पुन्हा म्हणाला. कोण, हा प्रश्न गौरवीच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच मरून गेला. तिला आश्चर्य वाटलं, त्या बाईचं तिला काहीच पडलं नव्हतं. ती असेल हरमलची, असेल मॉस्कोची. तिला पडलं होतं त्या महिन्यांचं. पहाटेच्या दुर्वांचं, परसदारी धुतलेल्या कपड्यांचं, दर महिन्याला तारीख टळून पुन्हा आली की भिंतीकडे तोंड करून झोपण्याचं. आणि तिच्या शेजारी तो जागा असायचा, पाठीवर हात ठेवायचा, आणि त्याला ठाऊक असायचं.

"मगे माका कित्याक सांगलंस नाय?" तिनं विचारलं. दोडामार्गची बोली सासरी आल्यापासून ती फारशी बोलत नसे, पण आज तीच आली.

त्यानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. "देवीक सांगलां हांवें," तो म्हणाला. "सगळें सांगलां. म्हणून तर हें व्रत घेतलें."

म्हणजे हे असं होतं. त्यानं कबुली दिली होती, पश्चात्ताप केला होता, शिक्षाही स्वतःची स्वतः ठरवून घेतली होती, निखाऱ्यांवरून चालायची. सगळं रीतसर झालं होतं. फक्त जिच्या अंगात तो रोग होता तिला कळवायचं राहिलं होतं. त्याला खरंच वाटत होतं की आपण शुद्ध झालो की तीही आपोआप होईल, देवी घरपोच करील. त्याच्या जागी दुसरा कुणी निर्लज्ज असता तर भांडता आलं असतं. ह्या ओल्या, थरथरत्या, भाविक माणसाशी कसं भांडायचं? ती म्हणाली की गोळ्या पुन्हा घ्यायला हव्यात, जानेवारीचं जानेवारीत गेलं, आता तिच्याकडून त्याला परत झालं असेल. तिनंही आपल्या ठेवल्यात, दोघांनी आत्ताच घ्यायच्या. तो कासावीस झाला. इथं? व्रतात बाहेरचं काही पोटात घालत नाहीत. जत्रा होऊ दे, मग घेतो, देवीशपथ. ती म्हणाली, जत्रेनंतर त्याच दिवशी आई घर रिकामं करून जाणार आहेत. झर वाहत होती. आणि तेवढ्यात टोपाकडून गोकुळदासांचा आवाज आला, की रे रुद्रेश, किदें तें, दगडार किदें दवरलां?

रुद्रेशनं मान वळवली. एक क्षणभरच. "वखद, गोकुळदासबाब," तो म्हणाला. "तिच्या पोटाचें. देवीक दाखोवंक हाडलां."

इतकं सहज आलं ते. सगळ्यांच्या माना समजूतदारपणे हलल्या. लाकडं फोडणारा थांबला, नारळ खवणाऱ्यानं चक् केलं. बिचारी, मूल होत नाही म्हणून औषध घेऊन देवीच्या दारी आलेली. गोकुळदास गुडघ्यावर हात टेकून उठले, मोगऱ्याचं एक फूल घेऊन आले आणि दोरीच्या आतून वाकून त्यांनी ते करड्या पाकिटावर ठेवलं. बरें जातलें गो बाय, ते म्हणाले. आणि गौरवीला दिसलं की आता सगळं सुरळीत होऊ शकतं. हे फूल उचलायचं, पाकीट कपाळाला लावायचं, घरी जायचं. कुणाचं काही बिघडत नाही. व्रत राहतं, नवरा राहतो, सासूची माया राहते, यशोदाकाकींचं कौतुक राहतं. एक आपलं पोट तेवढं जातं. फूल सुंदर होतं, ताजं, आणि त्याचा वास तिच्या नाकात भरला. कचेरीत कुणी कितीही ओरडलं तरी चढत नसे तो आवाज तिच्या छातीत चढला, पण बाहेर आला तो नेहमीच्याच पट्टीत, फोनवर बोलल्यासारखा.

"नाय, गोकुळदासबाब," ती म्हणाली. "ह्या आमच्या दोघांचा औषध असा. माका झाला ता ह्येच्याकडसून इला. ह्येका म्हायत होता. दोघांनी घेवक होया, नायतर माका पोर होवचा नाय."

नारळ खवणारा खवणीवरून हात न उचलता बसून राहिला. गावात हे आज संध्याकाळपर्यंत कुठपर्यंत पोचेल ह्याचा नकाशाच गौरवीच्या डोळ्यांपुढं आला: आधी यशोदाकाकी, मग देऊळ, मग बाजार. तिला भयंकर लाज वाटत होती. पण त्या लाजेत एक हलकेपणाही होता, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला आपलं शरीर आपलं वाटत होतं. गोकुळदासांनी रुद्रेशकडे पाहिलं. रुद्रेशनं नाही म्हटलं नाही. म्हातारे तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले, मग टोपाशी जाऊन पेलाभर पाणी घेऊन आले आणि तो पेला त्यांनी रुद्रेशपुढं दगडावर ठेवला. मग बाकीच्यांकडे वळून त्यांनी दरडावलं की भात लागतोय, सगळ्यांचं लक्ष कुठं आहे, आणि सगळ्यांना टोपाकडे पिटाळलं. ते पाठ करून बसले. कुणाचंही भाताकडे लक्ष नव्हतं.

रुद्रेशनं फूल बाजूला केलं. पाकीट त्याला उघडेना, ओल्या बोटांतून निसटत होतं. तिच्या मनात आलं की आपण फोडून द्यावं, हात पुढंही झाला, मग तिनं तो मागं घेतला. एवढं त्याचं त्यानं करावं. त्यानं दातांनी फोडलं. गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्याला, आणि लहान मुलासारखा गिळताना त्याचा गळा वर-खाली झाला. तिनं खाली वाकून झरीच्या बाहेर येणाऱ्या पाटाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि आपल्या गोळ्या गिळल्या. पाणी गार होतं. दोघंही दोरीच्या दोन बाजूंना उभी होती, एकाच दिवशी एकच औषध घेतलेली. तिला अजून त्याची माया वाटत होती का? वाटत असावी, कारण त्याच्या खांद्यावर शहारे आलेले तिला दिसत होते आणि पंचा नीट घे असं म्हणावंसं वाटत होतं. तिनं म्हटलं नाही. सांगता येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नळ्यांचं सांगता येत नव्हतं आणि ह्याचंही येत नव्हतं, आणि निदान आज तरी तिला ते सांगायची सक्ती नव्हती.

"व्रत मोडलें म्हजें," तो म्हणाला. तो पेला हातात फिरवत राहिला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हा माणूस सोमवारी यायचा, चप्पल काढायचा, आणि घर त्याचंच असायचं. त्यानं कधी काही विचारलं नव्हतं. आता त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि आवाज इतका खाली होता की झरीच्या आवाजात तिला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"हांव घरा येवं?"

गौरवीनं पर्सचं तोंड बंद केलं. पायऱ्यांवर ऊन आलं होतं, वर जायला वेळ लागणार होता.

"घराचा मगे बघू," ती म्हणाली. "आधी म्हापश्याक ये. थय दोघांक बोलवल्यानी हत."